बुधवारचा चेहरा

"पट्टी आहे का हो... पट्टी?"

दुकानात पाऊल टाकता टाकताच त्याने विचारलं. माझ्या हातात पट्टीच होती — दोन डोळ्यांमधलं अंतर मोजायची, मिलिमीटरच्या बारीक रेघांची. मी काहीही विचार न करता ती त्याच्यापुढे धरली.

त्याने पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डावा हात वर केला. अंगठ्याभोवती गुंडाळलेला रुमाल लालभडक झाला होता.

"ही बांधायची कशी?" त्याने अगदी गंभीरपणे विचारलं.

"औषधांचं दुकान शेजारी आहे," मी म्हणाले. माझे कान गरम झाले होते. "इथे चष्मे मिळतात."

"पण बाहेर पाटीवर..."

"पाटीवर 'चष्मे' लिहिलंय. वीतभर अक्षरात."

"औषधांत 'ष' आहे, चष्म्यातही 'ष' आहे. म्हणजे मी अगदीच चुकलो नाही."

हसू दाबायला मी खाली वाकून खण उघडला. स्क्रूड्रायव्हर निसटून बोटात घुसायचा प्रकार आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी होतो, त्यामुळे मलमपट्टीचा डबा हाताशीच असतो. मी त्याचा अंगठा धुतला, कापूस दाबून धरला, पट्टी गुंडाळली. सायकलची उतरलेली चेन चढवताना बोट अडकलं म्हणे. मी त्याच्या अंगठ्याकडे कमी, चष्म्याकडे जास्त बघत होते. एक काच भुवईला टेकलेली, दुसरी गालावर उतरलेली. भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली की काही लोकांना चैन पडत नाही ना, तसं माझं झालं.

"चष्मा काढता जरा?"

"त्याला कुठे काय लागलंय?"

"तिरका आहे."

"तो सरळच आहे, मी तिरका आहे." त्याने नाकावर बोट ठेवलं. "शाळेत असताना चेंडू लागला होता. तेव्हापासून कुठलाही चष्मा असाच बसतो."

मी चष्म्याची काडी गरम वाळूच्या भांड्यात धरली, मऊ झाल्यावर कानामागच्या वळणापाशी वाकवली आणि चष्मा त्याच्या हातात दिला. "घालून बघा."

"त्यांनी काय बघायचंय?" आतून बाईंचा आवाज आला. "घालायचा तू. आणि बघायचंही तूच."

बाई म्हणजे आमच्या दुकानाच्या मालकीण आणि माझ्या गुरू. अडतीस वर्षं लोकांच्या नाकावर चष्मे बसवतायत. त्यांच्या हाताखाली मी दोन वर्षं शिकत होते — सकाळी कॉलेज, दुपारी दुकान. लेखी पेपर मला कधीच जड गेले नाहीत. प्रात्यक्षिकात मात्र मी साफ आपटले होते. समोरच्याच्या चेहऱ्यावर चष्मा चढवायचा, कानामागे बोट फिरवून काडी कुठे टोचते ते पाहायचं, एवढंच तर होतं. पण अनोळखी माणसाच्या कानाला हात लावायचा म्हटलं की माझी बोटं लटलट कापायची. त्या वेळी समोर परीक्षक स्वतः खुर्चीत बसले होते आणि मी त्यांच्या डोळ्यात काडी घातली. अक्षरशः. हे मी पंधरा दिवस आईलाही सांगितलं नव्हतं. आता चार महिन्यांनी दुसरी आणि शेवटची संधी होती. तीही गेली की पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात.

बाई बाहेर आल्या. त्याच्या हनुवटीला दोन बोटं लावून त्यांनी चेहरा खिडकीकडे वळवला. "नाक मोडलेलं. एक कान दुसऱ्यापेक्षा चांगला अर्धा सेंटिमीटर वर. असा चेहरा शोधून सापडत नाही."

"माझ्या चेहऱ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं," तो म्हणाला.

"तुम्हाला सुट्टी कधी असते?"

"बुधवारी. का?"

"हिला सरावाला माणूस हवाय. आणि या वेळी परीक्षेला माणूस आपला आपण न्यायचाय. याल?"

मी बाईंकडे डोळे वटारून पाहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"येतो की," तो म्हणाला. "तसंही बुधवारी ताई मला घरभर फरशी पुसायला लावते."

*

तो बंदरावर क्रेन चालवायचा. चाळीस मीटर उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून जहाजावरच्या लोखंडी पेट्या उचलायच्या आणि खाली ट्रकवर ठेवायच्या. बाईंनी लगेच त्याचं नाव 'क्रेनवाला' ठेवलं. मी त्याची 'पट्टीवाली' झाले.

पहिल्या बुधवारी मी त्याला खिडकीपाशी बसवलं, हातभर अंतरावर समोर बसले आणि पट्टी त्याच्या नाकाच्या वर टेकवली.

"माझ्या डाव्या डोळ्याकडे बघा."

तो बघू लागला. आमच्या कामात हे दिवसातून वीसदा म्हणावं लागतं. आजोबांना, शाळेतल्या मुलींना, पोस्टमनना. कुणाच्याही बाबतीत मला आपला डोळा कुठे ठेवू असं झालं नव्हतं.

"बोललं तर चालतं का?"

"नाही. पट्टी हलते."

"बरं."

"आता उजव्या."

"कोणता जास्त चांगला आहे ते शेवटी सांगायचं का?"

"मी तुमचे मोजतेय. माझे नाही." मी आकडा लिहून घेतला. "चौसष्ट. झालं."

"एवढ्यात?" तो म्हणाला. "परत मोजा. मला नाही वाटत बरोबर आलं असेल."

मी परत मोजलं. चौसष्टच आले. आतल्या खोलीत बाईंना उगाचच खोकला आला.

बुधवारमागून बुधवार गेले. दुकानातल्या जाड, पातळ, गोल, चौकोनी सगळ्या फ्रेमा मी त्याच्या त्या वाकड्या नाकावर बसवून पाहिल्या. त्याच्या कानामागचा खळगा, कपाळावरची शीर, डाव्या भुवईतला उलट्या दिशेचा केस — सगळं मला पाठ झालं. बोटं कापायची कधी थांबली ते कळलंही नाही. तो बसल्या बसल्या वरच्या गोष्टी सांगायचा. वारा सुटला की केबिन पाळण्यासारखी हलते. पक्षी काचेला चोच मारतात. खाली एक माणूस उभा असतो, तो हात वर करतो, आडवा करतो, मूठ मिटतो, आणि त्याच्या हाताबरहुकूम वीस टनांची पेटी खाली उतरते.

"भीती नाही वाटत?"

"वर नाही वाटत." त्याने माझ्या हातातल्या पट्टीकडे पाहिलं. "इथे कधी कधी वाटते."

मी फ्रेम पुसायला घेतली. ती आधीच स्वच्छ होती.

घरी आईच्या लक्षात आलंच. आई शाळेत गणित शिकवते, तिला आकडेमोड कुणी सांगावी लागत नाही. "केस धुवायचा दिवस रविवारचा बुधवार झाला," ती ताट वाढता वाढता म्हणाली, "त्याअर्थी काहीतरी बदललंय."

"परीक्षा आहे, आई."

"हो ना. तेच म्हणते मी."

*

परीक्षेला तीन आठवडे उरले होते. चष्म्याचा नंबर मोजायच्या यंत्रावर माझा हात बसावा म्हणून मी त्याला घरातले जुने चष्मे आणायला सांगितलं होतं. त्याने ताईने शिवलेल्या कापडी पिशवीतून तीन आणले. तीन डब्या, तीन वेगवेगळ्या दुकानांच्या.

मी एकेक चष्मा यंत्रात ठेवून नंबर लिहीत गेले. उजव्या काचेतला तिरका नंबर, म्हणजे डोळ्याचा गोलावा बिघडला की लागतो तो, पहिल्या चष्म्यात दीड होता. दुसऱ्यात तीन. तिसऱ्यात पावणेपाच. डावीही त्याच वाटेने चालली होती, फक्त एक पाऊल मागे.

"हे किती वर्षांतले?" मी विचारलं.

"वर्षं कसली... पावणेदोन वर्षांतले असतील." तो खिडकीबाहेर बघत होता.

नंबर इतक्या भराभर वाढत नसतो. मी कागद बाईंना दाखवला. बाईंनी तो दोनदा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "विचार त्याला, दिव्यांना शेपट्या फुटलेल्या दिसतात का."

मी येऊन विचारलं. तो हसला नाही.

"सगळ्यांनाच दिसतात ना?"

"नाही. सगळ्यांना नाही दिसत." मग माझ्या मनात काहीतरी लख्ख झालं. "तुम्ही तीन वेगवेगळ्या दुकानांत का गेलात?"

"जिथे वेळ मिळाला तिथे..."

"की तिन्ही नंबर कुणाला एका कागदावर दिसू नयेत म्हणून?"

बाहेरच्या पाटीवरचं वीतभर अक्षर त्याला का वाचता आलं नव्हतं, ते मला आत्ता कळत होतं. आणि मी त्या दिवशी हसले होते.

"डॉक्टरकडे गेलो की ते लिहून देणार," तो शेवटी म्हणाला. "लिहिलं की मला खाली उतरवणार. मला दुसरं काही येत नाही. आठ वर्षं मी वर आहे."

"आणि खाली जो माणूस हात वर करतो... त्याचं काय?"

"आजवर काही झालेलं नाही."

"म्हणजे होईपर्यंत थांबायचं का तू?"

'तू' माझ्या तोंडून कसं गेलं ते मलाही कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे खाली केले नाहीत. तो उठला, तिन्ही चष्मे पिशवीत भरले आणि "येतो" म्हणून गेला. दारावरची घंटा बराच वेळ हलत राहिली.

पुढच्या बुधवारी चार वाजले, साडेचार वाजले. मी खुर्ची खिडकीपाशीच ठेवली होती. पाच वाजता बाईंनी ती स्वतः उचलून जागेवर नेली.

"मी जास्त बोलले का?" मी विचारलं.

"आपण डॉक्टर नाही," बाई म्हणाल्या. "पण दिसलं ते न सांगणारा चष्मेवाला काय कामाचा? तू योग्य तेच केलंस." मग त्यांनी दुकानाच्या कागदावर सगळे नंबर, तारखांसकट, नीट उतरवले, खाली डोळ्यांच्या हॉस्पिटलचं नाव घातलं आणि पाकीट माझ्याकडे दिलं. "हे पोस्टाने पाठवायचं की कसं, ते तू बघ."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बंदराच्या फाटकाशी उभी होते. दोनचा भोंगा झाला, माणसांचा लोंढा बाहेर आला. सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या पिवळ्या टोप्या. पण चष्मा मला शंभर पावलांवरून ओळखू आला — कारण तो सरळ होता. मीच बसवलेला.

मला पाहून तो थांबला. मी पाकीट पुढे केलं. पाठ केलेलं सगळं विसरायला झालं होतं.

"हे... बाईंनी दिलंय. डॉक्टरांना दाखवायला. वाचून रागावू नकोस. म्हणजे, रागाव हवं तर. पण जा."

"मी आता वर नसतो," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"गेल्या गुरुवारी वर चढलो. केबिनमध्ये बसलो. खालच्याने हात वर केला... आणि मला दोन माणसं दिसली. आधीही दिसायची. मी त्यातलं ठळक असेल ते धरून चालायचो. त्या दिवशी तुझा प्रश्न डोक्यातून जाईना. इंजिन बंद केलं, शिडी उतरलो आणि साहेबांना सगळं सांगून टाकलं." त्याने टोपी काढली. "आता गोदामात याद्या तपासतो. नाक कागदाला लावून."

"मग बुधवारी का नाही आलास?"

तो टोपीची कड चाचपत राहिला. "क्रेनवाला म्हणून येत होतो. आता काय म्हणून येऊ, ते सुचेना."

मला त्याचा इतका राग आला आणि इतकी माया दाटून आली की दोन्हीतलं आधी काय बोलावं ते समजेना. "चेहरा म्हणून ये," मी म्हणाले. "परीक्षा आहे माझी."

*

पण परीक्षेला तो आलाच नाही, कारण मीच त्याला येऊ दिलं नाही.

हॉस्पिटलात तपासणी झाली. डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा पातळ होऊन टोकदार होत चालला होता. गेलेलं परत येणार नव्हतं, पण डोळ्यात थेंब घालून त्यावर निळा प्रकाश सोडला की पडदा घट्ट होतो आणि पुढचं थांबतं. जितक्या लवकर तितकं चांगलं, असं डॉक्टर म्हणाले आणि उजव्या डोळ्याला तारीख दिली. नेमकी माझ्या परीक्षेची. तारीख पुढे ढकलतो म्हणून तो हटून बसला. मी म्हणाले, तसं केलंस तर मी परीक्षेलाच जाणार नाही. असं दोन दिवस चाललं. शेवटी त्याची ताई मध्ये पडली. शिवणकाम करून तिने त्याला लहानाचं मोठं केलं होतं आणि तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

"तू सकाळी हॉस्पिटलात जाऊन बस," तिने त्याला सांगितलं. "हिच्याबरोबर परीक्षेला मी जाते. मलाही दोन कान आहेत."

सकाळी दहा वाजता ताई परीक्षेच्या खुर्चीत बसली. समोर तेच परीक्षक. मी डोळा चुकवून... म्हणजे, नजर चुकवून कामाला लागले. ताईच्या कानामागे बोट ठेवलं आणि जुनी थरथर परत आली.

"डावीकडे टोचतंय गं," ताई म्हणाली.

"तुम्ही काही बोलायचं नाही," परीक्षक म्हणाले.

"टोचल्यावर माणूस बोलणारच की, साहेब. तुम्हीसुद्धा ओरडला होतात म्हणे."

परीक्षकांचा हात आपसूक स्वतःच्या डोळ्याकडे गेला. मला हसू फुटलं, आणि हसता हसता बोटं शांत झाली. मी काडी काढली, गरम केली, दोन मिलिमीटर पुढे वाकवली, परत बसवली. ताईने मान हलवून पाहिली आणि परीक्षकांकडे बघून नुसती भुवई उडवली.

तिथून आम्ही दोघी बसने हॉस्पिटलात गेलो. ताई खिडकीकडे बघत सहज म्हणाली, "दाढी तो रविवारी करायचा. चार महिने झाले, बुधवारी करतोय." मी तिकिटाची घडी घालत राहिले. तिकिटाच्या घड्या घालून घालून शेवटी घालायला काही उरलं नाही.

चारच्या सुमारास त्याला बाहेर आणून बाकावर बसवलं. दोन्ही डोळे मिटलेले, उजव्यावर पारदर्शक वाटी, गालावरून पाण्याची धार. ताई थेंबांची बाटली आणायला खाली गेली. मी शेजारी बसले.

"दुखतंय?"

"वाळू गेल्यासारखं वाटतंय. परीक्षा?"

"झाली. कुणाच्या डोळ्यात काही गेलं नाही."

तो हसला आणि कळवळला. मग हळूच म्हणाला, "ऐक. मी परत वर जाईन की नाही, डॉक्टर काही सांगत नाहीत. कदाचित कायमचा खालीच. तू... विचार करून ठेव."

त्याचे डोळे मिटलेले होते म्हणूनच मला बोलता आलं.

"वरचा माणूस मी कधी पाहिलाच नाही," मी म्हणाले. "मला फक्त खुर्चीत बसलेला माहीत आहे. तो मला आवडतो. कधीचाच. यात विचार करण्यासारखं काय आहे?"

त्याने बाकावर हात चाचपत माझा हात शोधला. सापडला तेव्हा घट्ट धरला. ताई जिन्यावरून येताना मला दिसली, तिनेही आम्हाला पाहिलं आणि पाच मिनिटं उगाचच भिंतीवरची सूचना वाचत उभी राहिली.

*

मी पास झाले. बाईंनी पेढे-बिढे काही वाटले नाहीत, दुकानाच्या किल्ल्यांचा दुसरा जुडगा माझ्यापुढे ठेवला, बस्. त्याच्या डाव्या डोळ्याचंही महिन्याभरात झालं. गोदामात त्याचा जीव रमेना, म्हणून त्याने खाली उभं राहून क्रेनला खुणा करायचं काम मागून घेतलं. वरून पेटी सोडणाऱ्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? नवी पोरं आता त्याच्याकडूनच शिकतात. वर जायची परवानगी पुढच्या वर्षी मिळेलही, नाहीतर नाही. तो म्हणतो, खाली वारा कमी लागतो.

पण हे काम मिळण्याआधी डॉक्टरांनी त्याच्या मापाच्या, डोळ्यात घालायच्या कडक लेन्स बनवून घेतल्या. त्या बसवायच्या दिवशी मी हॉस्पिटलच्या बाहेर, बसस्टॉपवर वाट बघत उभी होते. सकाळचं कोवळं ऊन होतं. तो फाटकातून आला, चष्म्याशिवाय, नाक तेवढंच वाकडं, आणि माझ्यापासून तीन पावलांवर थबकला.

"काय झालं? टोचतायत का?"

"थोड्या." तो जवळ आला. "तुझ्या भुवईत जखमेची खूण आहे."

"पाचवीत असताना झोपाळ्यावरून पडले होते. तीन टाके."

"आणि नाकाशेजारी तीळ आहे."

"जन्मापासून आहे तो."

"इतके बुधवार मी तुझ्या डोळ्यांत बघत होतो," तो म्हणाला, "आणि यातलं मला काहीच दिसलं नव्हतं."

"मग काय दिसायचं?"

तो जरा लाजला. पहिल्यांदाच. "दोन दोन तू. एकमेकींवर थोड्या सरकलेल्या, कडेने उजेड सांडलेल्या. मला वाटायचं... माणूस प्रेमात पडला की असंच दिसत असेल."

"आणि आता?"

"आता एकच आहेस."

"चालेल?"

तो नुसता बघत राहिला — भुवईकडे, तिळाकडे, केसांकडे, सगळीकडे, एकेक करून, अगदी सावकाश. आमची बस आली, थांबली, कंडक्टरने आमच्याकडे पाहून घंटी मारली आणि बस निघून गेली. आम्हा दोघांपैकी कुणीच हललं नाही.